टाकीवरची बॅग: आधी टाकी बघा, लिटर नंतर विचारा

मोटरसायकलवर सामान ठेवायच्या जागा मोजक्याच आहेत. मागच्या सीटवर बांधलेली टेल बॅग, दोन्ही बाजूंच्या सॅडल बॅगा, कॅरियरवरचा टॉप बॉक्स, पाठीवरची सॅक आणि टाकीवरची बॅग. पहिल्या चारही चालवणाऱ्याच्या पाठीमागे असतात. एकदा नीट बांधल्या की मुक्कामापर्यंत त्यांच्याकडे बघायची गरज पडत नाही. टाकीवरची बॅग मात्र डोळ्यांसमोर आणि हाताशी असते. हँडल वळलं की तिला लागतं, पेट्रोल भरायचं की ती बाजूला करावी लागते, जोरात ब्रेक मारला की आपलं पोट तिच्यावर रेलतं. म्हणून तिची निवड बाकीच्या बॅगांपेक्षा अवघड असते. दुकानात चौकशीची सुरुवात मात्र ठरलेली: "किती लिटरची आहे?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यांत शेवटी यायला हवा. आधी टाकी बघावी, मग हँडल, मग आपली बसायची ढब, आणि एवढं झाल्यावर जी बॅग बसेल ती घ्यावी.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. राजदूत, येझदी, बुलेट आणि पुढे यामाहा आरएक्स १०० च्या काळात सीट कव्हरवाल्याकडे टाकीचं रेक्झिन कव्हरही शिवून मिळायचं. झाकणाच्या जागी गोल भोक, खालून ताणून बसवायचे हुक, आणि वर चेनचा एक चपटा खिसा. आरसी बुक, विम्याचा कागद, पुसायचं फडकं आणि पावतीपुस्तक त्या खिशात जायचं. फिरतीची नोकरी करणाऱ्या कितीतरी जणांचं छोटं ऑफिसच तिथे असे. फ्रान्समधल्या बॅगस्टर या कंपनीने हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली: गाडीच्या मॉडेलच्या मापाने शिवलेलं टाकी कव्हर, आणि त्या कव्हरला बकलने अडकणारी बॅग. जर्मनीत हारो कंपनीची 'एलेफांटेनबॉय' ही भली मोठी टँक बॅग बीएमडब्ल्यूवरून लांब पल्ला गाठणाऱ्यांमध्ये नाव कमावून होती. वरच्या पारदर्शक खिशात कागदी नकाशा घालून रस्ता शोधायचा, ही युरोपातली जुनी रीत. तो खिसा आजही बहुतेक बॅगांवर असतो, फक्त नकाशाची जागा फोनने घेतली आहे.

परदेशात टँक बॅगेचा मोठा उपयोग म्हणजे टोलनाक्यावर पैसे किंवा कार्ड पटकन काढणं. आपल्या राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोलच नाही. ज्या रस्त्यांवर तासन् तास एका वेगाने जाता येईल ते मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकींना बंद आहेत. त्यामुळे इथला प्रवास जुन्या महामार्गांवरून, राज्यमार्गांवरून आणि घाटांतून होतो. वेग कमी, थांबे जास्त. चहा, रेनकोट घालणं, रेनकोट काढणं, फोटो, पंप. प्रत्येक थांब्यावर बॅग एकतर गाडीवर सोडायची किंवा बरोबर न्यायची. बॅग किती मोठी यापेक्षा ती किती चटकन निघते आणि किती चटकन परत बसते, याला इथे जास्त किंमत आहे.

बॅग बसवायचे मुख्य प्रकार तीन: चुंबक, पट्टे आणि झाकणाभोवतीची रिंग. सक्शन कपवाल्याही मिळतात, पण धूळ, ऊन आणि खड्डे यांपुढे त्या टिकतील असा भरवसा मला वाटत नाही, म्हणून त्या बाजूला ठेवतो.

चुंबकाची बॅग सर्वांत सोयीची. ठेवली की चिकटली, उचलली की सुटली. १९८० च्या दशकात निओडिमियमची चुंबकं आली आणि छोट्या चकतीतही मोठा जोर मिळू लागला. पण टाकी लोखंडी पत्र्याची हवी. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांची टाकी तशी असते. बुलेट, क्लासिक, स्प्लेंडर यांच्याबाबत शंकाच नको. नव्या स्पोर्ट आणि अ‍ॅडव्हेंचर गाड्यांत जी टाकी दिसते ती अनेकदा नुसतं प्लास्टिकचं आवरण असतं आणि खरी टाकी त्याखाली लपलेली असते. काही महागड्या गाड्यांत टाकी अ‍ॅल्युमिनियमची असते. फ्रिजवरचं एखादं चुंबक खिशात घेऊन गाडीपाशी जावं आणि बॅगेचे चुंबक शिवलेले कान जिथे टेकणार आहेत नेमक्या त्या जागी लावून बघावं. टाकीच्या माथ्यावर चिकटलं म्हणून बाजूंना चिकटेलच असं नाही, कारण मधला भाग पत्र्याचा आणि बाजूचे पंख प्लास्टिकचे अशी सरमिसळ खूप असते.

चुंबक आणि पत्रा यांच्यातलं अंतर वाढलं की जोर झपाट्याने कमी होतो. मध्ये जाड फिल्म असेल, फडकं असेल, किंवा टाकीचा बाक असा असेल की चकती फक्त एका कडेने टेकते, तर पकड निम्मीही राहत नाही. रिकामी किंवा अर्धी भरलेली हलकी बॅग वाऱ्यावर उचलली जाण्याचा धोका जास्त. म्हणून चुंबकाच्या बॅगेबरोबर हँडलच्या मानेभोवती घालायचा जो बारीक पट्टा येतो, तो खोक्यातच ठेवून देऊ नये. बॅग सुटलीच तर ती रस्त्यावर किंवा पुढच्या चाकाकडे न जाता पट्ट्याला लटकत राहते.

चुंबकाचा दुसरा प्रश्न आपल्या मातीचा आहे. लहानपणी लोहचुंबक वाळूत फिरवून काळे कण गोळा केलेले अनेकांना आठवत असतील. दख्खनच्या काळ्या पाषाणात लोहयुक्त खनिजं भरपूर असल्यामुळे आपल्या नदीच्या वाळूत आणि रस्त्याच्या धुळीतही असे कण सापडतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तर इल्मेनाइटची काळी वाळूच पसरलेली आहे. चुंबकाची बॅग क्षणभर पुळणीवर, खडीच्या ढिगाजवळ किंवा वेल्डिंगच्या दुकानातल्या फरशीवर ठेवा आणि उलटी करून बघा: प्रत्येक चकतीभोवती बारीक काळ्या केसांची झालर उभी राहिलेली दिसेल. हे कण झटकून जात नाहीत. बोटाने पुसले तर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर सरकतात. तशीच बॅग टाकीवर ठेवली आणि पन्नास-साठ किलोमीटर गाडी थरथरत गेली, की चकतीखाली पॉलिश पेपर फिरवल्यासारखी रंगाची अवस्था होते. चकचकीत रंगावर गोल ओरखडे उमटतात, मॅट रंगावर कायमचे चमकते डाग पडतात आणि मॅट रंग पॉलिश करून पूर्ववतही करता येत नाही. उपाय सोपा आहे. रंग उडू नये म्हणून लावतात ती पारदर्शक पीपीएफ फिल्म टाकीच्या त्या भागावर आधीच लावून घ्यावी. बॅग जमिनीवर कधीही ठेवू नये. रोज सकाळी चकत्यांना चिकटपट्टी दाबून ओढावी. कण तिच्याबरोबर निघून येतात.

चुंबकामुळे एटीएम कार्ड बिघडतं ही भीती आता पूर्वीइतकी खरी नाही, कारण चिपवर त्याचा परिणाम होत नाही. काळी चुंबकीय पट्टी असलेली हॉटेलच्या खोलीची कार्डं मात्र सहज पुसली जातात. फोनमधलं होकायंत्र चकतीजवळ चुकीची दिशा दाखवतं. आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी: पेसमेकर किंवा हृदयात बसवलेलं शॉक देणारं यंत्र असलेल्यांनी चुंबक त्या यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवावं, असा सल्ला दिला जातो. टाकीवर बॅग असताना ते अंतर सहसा राहतं. पण टपरीवर जाताना तीच बॅग आपण छातीशी धरतो. अशांनी पट्ट्याची किंवा रिंगची बॅग घ्यावी.

पट्ट्याची बॅग कोणत्याही टाकीवर बसते, प्लास्टिक असो की अ‍ॅल्युमिनियम. एक पट्टा पुढे हँडलखालच्या मानेभोवती जातो, दोन मागे सीटच्या टोकाखालून येतात. पुढचा पट्टा घालताना घाई करू नये. त्याच जागेतून क्लचची केबल, रेसची केबल, ब्रेकची नळी आणि वायरिंग जातं. पट्टा त्यांच्यावरून आवळला आणि हँडल वळल्यावर रेसची केबल ताणली गेली, तर इंजिनची रेस आपोआप वाढेल. बॅग बांधून झाली की इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवावं. आवाजात फरक पडला तर पट्टा चुकीच्या जागी आहे. हिमालयन ४११ किंवा येझदी अ‍ॅडव्हेंचर यांच्या टाकीच्या बाजूंना लोखंडी दांडे दिलेले आहेत. अशा गाड्यांवर पट्ट्याची बॅग फार सुरेख बसते आणि केबलचा प्रश्नच उरत नाही.

पट्ट्याच्या बॅगेची खरी परीक्षा पंपावर होते. मागे रांग लागलेली असते. पंपावरचा मुलगा नोझल हातात घेऊन म्हणतो, "दादा, झाकण उघडा." मग मागची दोन बकलं सोडायची, बॅग पुढे हँडलवर उलटी टाकायची, चेन उघडी राहिली असेल तर पाण्याची बाटली आणि चष्म्याची केस खाली पडायची, मग किल्ली इग्निशनमधून काढून झाकणात घालायची, आणि नोझलचा शेवटचा थेंब बॅगेच्या बुडावर पडू नये म्हणून एका हाताने बॅग वर धरून ठेवायची. हे सगळं दहा-पंधरा सेकंदांत जमायला हवं. म्हणून पट्ट्याची बॅग घेताना मागची बकलं हातमोज्यासकट एका हाताने सुटतात का, हे दुकानातच करून बघावं.

रिंगची पद्धत या सगळ्यावर उत्तर म्हणून आली. टाकीच्या झाकणाभोवतीच्या अ‍ॅलन बोल्टांवर एक प्लास्टिकची किंवा धातूची कडी बसवायची, बॅगेच्या बुडाला तिची जोडी असते, आणि बॅग वर ठेवून दाबली की खटकन अडकते. इटलीच्या गिवी कंपनीची 'टँकलॉक' आणि जर्मनीच्या एसडब्ल्यू-मोटेकची रिंग या दोन पद्धती जगभर चालतात. मोटरसायकल शर्यतींत उतरलेल्या जुझेप्पे विसेंझी यांनी १९७८ मध्ये गिवीची स्थापना केली. रिंगच्या बॅगेचं बूड टाकीपासून थोडं वर तरंगतं, त्यामुळे रंगाला धक्का लागत नाही. पावसाचं पाणीही बुडाशी साचून राहत नाही.

पण रिंगसाठी झाकणाभोवती बोल्ट हवेत. बुलेटसारखं पिळून काढायचं झाकण किंवा कम्यूटर गाड्यांचं बिजागरीचं झाकण यावर ती बसत नाही. ज्या झाकणांना बोल्ट आहेत तिथेही काही बोल्ट नुसते शोभेचे असतात, त्यांना खाली आटे नसतात. म्हणून आपल्या मॉडेलसाठी बनलेली रिंगच घ्यावी, 'युनिव्हर्सल' म्हणून विकतात ती घेऊ नये. बोल्ट लहान आणि त्यांचे आटे मऊ धातूत असतात. ते हाताने लावावेत, हलकेच आवळावेत.

रिंग बसवताना माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे झाकणाशेजारचं बारीक छिद्र. सपाट झाकणाभोवतीच्या खोबणीत पावसाचं पाणी साचतं आणि त्या छिद्रातून, टाकीच्या आतल्या नळीवाटे, खाली रस्त्यावर पडतं. बॅगेखाली सावलीत धूळ, पानांचा चुरा आणि चिखल साचून ते छिद्र बुजतं. मग खोबणीतलं पाणी झाकण उघडताच टाकीत जातं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. नेमका तोच इंजिनकडे जातो आणि भर पावसात गाडी बंद पडते. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात दर महिन्याला त्या छिद्रात बारीक नायलॉनची दोरी घालून बघावी.

पेट्रोलचीच आणखी एक गोष्ट बॅग वापरणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवी. तापमान एक अंशाने वाढलं की पेट्रोलचं आकारमान साधारण हजारात एक भाग वाढतं. जमिनीखालच्या थंड टाकीतून काठोकाठ भरलेलं १३ लिटर पेट्रोल उन्हात २० अंशांनी तापलं तर ते जवळपास पाव लिटर फुगतं. जागा नसेल तर ते झाकणाच्या हवेच्या वाटेने बाहेर येतं आणि वर बसलेल्या बॅगेच्या बुडात मुरतं. बुडाचा रबरासारखा थर त्याने विरघळतो, रंगावर डाग पडतात, आणि आत बिस्किटं असतील तर ती टाकून द्यावी लागतात. टँक बॅग लावणाऱ्याने "फुल करा" म्हणताना टाकीच्या तोंडाच्या खाली दोन बोटं थांबायला सांगावं.

आता हँडल. बॅग रिकामी असताना सगळ्याच गाड्यांवर सगळ्याच बॅगा छान बसतात. भरल्यावर ती पुढे फुगते आणि उंच होते. वरंधा, आंबोली, कुंभार्ली यांसारख्या घाटांतली अरुंद वळणं किंवा गर्दीत गाडी जागच्या जागी वळवणं, यांत हँडल पूर्ण फिरतं. तेव्हा डावीकडे हॉर्नचं बटण बॅगेत रुतून हॉर्न वाजत राहतो. ते नुसतं त्रासदायक. उजवीकडे इंजिन बंद करायचं बटण रुतलं तर अर्ध्या वळणात इंजिन थांबतं, आणि कमी वेगात झुकलेली, सामानाने जड झालेली गाडी सावरणं बहुतेकांच्या पायाला झेपत नाही. हँडल शेवटपर्यंत न वळणं हे त्याहून वाईट, कारण ते वळणाच्या मध्यात कळतं. म्हणून बॅग घ्यायला गाडीसकट जावं. दुकानातल्या बॅगेत आपला रेनकोट, बाटली, टॉवेल कोंबावा, ती लावावी आणि हँडल दोन्ही टोकांना नेऊन बघावं. किल्ली फिरवायला जागा राहते का, मीटर आणि निर्देशक दिवे दिसतात का, हेही तेव्हाच कळतं. जो दुकानदार एवढं करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

शरीराचा विचार दुकानात कोणीच सांगत नाही. समोरून धडक बसली की चालवणारा पुढे फेकला जातो आणि ओटीपोट व जांघा टाकीवर आदळतात. टाकीमुळे होणाऱ्या कटीच्या हाडांच्या आणि जननेंद्रियांच्या दुखापती वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. अशा वेळी आपण आणि टाकी यांच्या मध्ये काय आहे, याला महत्त्व येतं. पान्ह्यांचा संच, हवा भरायचा पंप, साखळी-कुलूप, स्टीलचा थर्मास या वस्तू टँक बॅगेत ठेवू नयेत. त्या खाली आणि मागे, सॅडल बॅगेत जाव्यात. टँक बॅगेत जे मऊ आहे ते चालवणाऱ्याच्या बाजूला आणि जे कडक ठेवणं भागच आहे, उदाहरणार्थ कॅमेरा, ते हँडलच्या बाजूला. अवजारं हाताशी असावीत म्हणून टँक बॅगेत ठेवण्याची पद्धत आपल्या ग्रुप राईडमध्ये सर्रास दिसते. ती बदलली पाहिजे. पंक्चर झाल्यावर गाडीवरून उतरायचंच असतं. तेव्हा पान्हा मागून काढला तर काय बिघडतं?

उभं राहून गाडी चालवणाऱ्यांनी, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर, नदीच्या पात्रातून किंवा स्पिती-लडाखकडे जाणाऱ्यांनी, आणखी एक मोजमाप घ्यावं. फूटपेगवर उभं राहून शरीर पुढे झुकवलं की बॅग जांघेत लागता कामा नये आणि गुडघ्यांनी टाकी धरता आली पाहिजे. बाजूंना पसरणारी बॅग गुडघ्यांची पकडच काढून घेते. याउलट आरसी ३९० किंवा आर१५ सारख्या पुढे वाकून बसायच्या गाड्यांवर उंच बॅग छातीला टेकते. तिथे चपटी, चार-पाच लिटरची बॅग किंवा मग टेल बॅग बरी.

वजनाच्या बाबतीत टाकीची जागा गाडीवरच्या उत्तम जागांपैकी एक आहे. ती दोन चाकांच्या मध्ये येते. मागच्या चाकाच्या आसापासून ३० सेंटिमीटर मागे आठ किलोचा डबा ठेवला तर क्लासिक ३५० एवढ्या लांबीच्या गाडीच्या पुढच्या चाकावरचं ओझं पावणेदोन किलोने कमी होतं आणि मागचं तेवढंच जास्तीचं वाढतं. टाकीवर तसं होत नाही. पण ती जागा उंच आहे, म्हणून चांगल्या जागेचा फायदा घेत तिथे ढीग रचू नये. भरलेली बॅग एका हाताने, कोपर न मोडता उचलता आली पाहिजे. चार-पाच किलोंच्या वर मी जाणार नाही.

यातूनच आकाराचा प्रश्न सुटतो. आठ ते बारा लिटर बहुतेकांना पुरतात. रोज शहरात वापरायची तर पाच. वीस-पंचवीस लिटरच्या बॅगा दिसायला भरदार असतात, पण त्या भरल्या की मीटर झाकतात, हँडलला अडतात आणि हळूहळू त्यांत कपडे जायला लागतात. टँक बॅग कपड्यांसाठी नाहीच. गाडीवरून न उतरता किंवा उतरल्या उतरल्या जे लागतं ते तिच्यात: पाणी, पाकीट, चष्मा, हेल्मेटची काच पुसायचं फडकं, कानातले बोळे, पावसाचे हातमोजे, पॉवर बँक, प्रथमोपचाराची पिशवी, लडाखकडे जात असाल तर परवान्याच्या झेरॉक्स. गाडीचे कागद आता डिजिलॉकरमध्ये चालतात, तरी नेटवर्क नसलेल्या भागासाठी एक प्रत असू द्यावी. इन्सुलिनसारखी उष्णतेने बिघडणारी औषधं मात्र इथे नकोत. इंजिनची धग टाकीतून वर येते आणि वरून ऊन असतं.

फोनचाही विचार वेगळा करावा लागतो. २०२१ मध्ये अ‍ॅपलने जाहीरपणे सांगितलं की जास्त ताकदीच्या मोटरसायकलींच्या कंपनांमुळे हँडलवर लावलेल्या आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा खराब होऊ शकते. टँक बॅगेच्या मऊ कापडावर ठेवलेल्या फोनला ती थरथर बरीच कमी पोचते, ही बॅगेची जमेची बाजू. पण आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनलेला असतो, आणि विदर्भातल्या एप्रिलमध्ये पारदर्शक खिशातलं तापमान त्याच्या कितीतरी पुढे जातं. खिशात कोंडलेली हवा तापत राहते, फोन मंद होतो, चार्जिंग थांबवतो आणि शेवटी बंद पडतो, तोही नेमका अनोळखी चौकात. शिवाय खाली टाकीकडे बघायचं म्हणजे नजर रस्त्यावरून फार वेळ हटते. नकाशा कानात ऐकावा. खिशातला फोन थांबल्यावर बघण्यापुरता.

पावसाकडे आलं की बहुतेक बॅगांचा दावा गळून पडतो. कापडाची जाडी डेनियरमध्ये सांगतात: नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. हजार डेनियरचं कापड फाटायला चिवट असतं, पण डेनियरचा आणि पाणी न शिरण्याचा काही संबंध नाही. पाणी आत येतं ते सुईच्या भोकांतून आणि चेनमधून. बॅगेबरोबर मिळणारं रेनकव्हर वरून झाकतं, बूड उघडं ठेवतं. कोकणातल्या सरींमध्ये टाकीवरून पाणी वाहत मागे येतं, सीटच्या टोकाशी अडतं, तिथे डबकं होतं आणि बॅगेच्या खालच्या शिवणीतून ते कापडात वर चढत जातं. कव्हर कोरडं, वरचा थर कोरडा आणि तळाचं पाकीट चिंब, असा प्रकार त्यामुळेच होतो. खरा उपाय दोनच: ताडपत्रीच्या कापडाची, शिवणीऐवजी उष्णतेने जोडलेली आणि तोंड गुंडाळून बंद होणारी बॅग, किंवा साध्या बॅगेत तशी एक आतली पिशवी. दुसरा स्वस्त आहे आणि मला तोच पटतो. रेनकव्हर चिखल अडवायला ठेवावं, आणि त्याचा पट्टा बॅगेखालून आवळावा; नाहीतर ताम्हिणीच्या वाऱ्यात ते उडून जातं.

मागे कोणी बसणार असेल तर टँक बॅगेची किंमत आणखी वाढते, कारण टेल बॅगेची जागा गेलेली असते आणि सॅडल बॅगा मागच्याच्या पायांना अडतात. लहान मुलाला टाकीवर बसवायची आपल्याकडची जुनी सवय बॅगेमुळे सुटत असेल तर तेही चांगलंच. २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालवणाऱ्याशी जोडलेला सुरक्षापट्टा लागतो, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो.

बाजारात आता भारतीय माल भरपूर आणि चांगला आहे. मुंबईची रायनॉक्स, बंगळुरूची वायाटेरा आणि गार्डियन गिअर्स यांच्या बॅगा सहज मिळतात, ढोबळमानाने दोन ते सहा हजारांत. परदेशी रिंगची बॅग रिंगसकट त्याच्या दुप्पट-तिप्पट जाते. लोखंडी टाकीची गाडी आणि चार-पाच तासांचे प्रवास असतील तर भारतीय चुंबकाची छोटी बॅग पुरे. रोज पन्नास किलोमीटर फिरती किंवा प्लास्टिकची टाकी असेल तर पट्टे. झाकणाला बोल्ट असतील आणि वर्षातून दोन-तीन मोठे दौरे होत असतील, तर रिंगवर पैसे घालावेत.

या सगळ्या बाजारात एक मोठी उणीव आहे. टँक बॅग बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लडाखला जाणारा असतो. पण महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर सर्वांत जास्त धावतात त्या स्प्लेंडर, शाईन, प्लॅटिना. त्यांच्यावरून ग्रामसेवक, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, बचत गटाचे हप्ते गोळा करणारे, कुरिअरवाले रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरतात, पाठीला सॅक लावून, आणि संध्याकाळी खांदे धरून बसतात. या गाड्यांची टाकी निमुळती, पत्र्याची आणि झाकण बिजागरीचं. त्यांच्यासाठी हवी सहा-सात लिटरची बॅग: ए-फोर कागद न दुमडता राहील एवढी लांब, गुडघ्यांना न लागणारी, ताडपत्रीची, झाकणासाठी पुढे उलटणारी, मागे दोन मोठी बकलं असलेली. कोणत्याही तालुक्याच्या गावातला सीट कव्हरवाला हे शिवू शकतो. त्याच्याकडे मशीन आहे, कापड आहे, प्रत्येक गाडीच्या टाकीचं माप त्याच्या हातात आहे. त्याला फक्त सांगावं लागेल की काका, बुडाला आतून फोमचा थर लावा, शिवण कडेला न घेता बाजूने वर घ्या म्हणजे पाणी खालून चढणार नाही, आणि पुढचा पट्टा केबलच्या खालून न्या. शिवण उसवली तर त्याच दुकानात अर्ध्या तासात दुरुस्तही होईल.